हरकती व सूचना

नोटीस लावली ती जिन्याखाली,
मीटरच्या पेटीवर, उलटी.
माना वाकड्या करकरून वाचली सगळ्यांनी:
चर्नी रोडचा जुना पूल पाडणार, नवा बांधणार,
रुळांच्या कडेने आवाज अडवणारी भिंत,
रहिवाशांनी हरकती व सूचना
तीस तारखेच्या आत लेखी द्याव्यात.
टेलिफोनमध्ये बत्तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं,
म्हणून हे कामही माझ्याकडेच आलं.

तळपदे म्हणाले, पहिलं हे घाला:
भिंतीला रंग आम्हांला विचारून द्यावा.
मागच्या खेपेला डॉल्फिन काढले होते,
हसणारे,
आणि त्यांना दात माणसांसारखे.
आमचा निहार सहा महिने त्या बाजूने शाळेत जाईना.

फ्रेनीबाई दस्तूर बेसिनपाशी उभ्या राहून बोलल्या.
आवाज अडवू नका म्हणावं.
पहिली गाडी गेली की मी दूध ठेवते गॅसवर.
भिंत झाल्यावर गजराचं घड्याळ घ्यावं लागेल,
त्याचे पैसे कोण देणार, ते विचार.

ऑलविन परेरा मोजून आला होता.
जुन्याला पायऱ्या एक्केचाळीस,
नकाशातल्या नव्याला त्रेसष्ट.
गुडघे वगैरे लिहू नका, म्हणाला,
नुसते आकडे लिहा, त्यांना तेवढंच कळतं.

चांगुणा वैती पुलाखाली मांदेली विकते.
मी काय रहिवासी नाय, म्हणाली,
माजी हरकत चालल काय?
चालेल म्हटलं.
मग लिवा, सावली.
जिना पलीकडं फिरवला
तर दुपारची सावली डाक्टरच्या गाडीवर पडल,
आनि माजा बर्फ चारपरेंत टिकायचा नाय.

चौथ्या मजल्याची हरकत नव्हती.
चौथ्या मजल्यावरून समुद्र दिसतो.

तीस तारखेची वाट कुणी पाहिली नाही.
अठराच्या रात्री ब्लॉक घेतला, क्रेन आली,
गॅसकटरच्या ठिणग्या माझ्या तुळशीपर्यंत,
आणि पहाटे दूधवाला सायकल टेकवून तसाच उभा.

पूल होता तिथे
काहीच नव्हतं. आणि त्या काहीच नसण्यात
कठड्यापलीकडे समुद्र होता.

सुंदर म्हणणार नाही मी.
ओहोटीची वेळ, चहा सांडल्यासारखा रंग,
एक बार्ज, गंजकी, जागची हलत नव्हती.
पण माझ्या पहिल्या मजल्यावरच्या ओट्याशी,
कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये,
तो होता.
सत्तावीस वर्षं मी त्याचा फक्त गंज ओळखत होते,
खिडकीच्या गजांवरचा.

तळपद्यांनी खुर्ची फिरवून घेतली.
टीव्हीकडे पाठ.
फ्रेनीबाई म्हणाल्या, एवढा जवळ होता?
जसं कुणी नातेवाईक शेजारच्या गल्लीत राहत होतं
आणि कळवलं नव्हतं.
निहारने त्या बार्जला नाव ठेवलं. मला सांगितलं नाही.
वैतीबाईंना कौतुक नव्हतं.
त्या रोज पहाटे त्याच्याकडूनच येतात.
त्यांची टोपली उन्हात होती,
बर्फ दोनलाच पाणी.

एकोणतीसला मी अर्ज घेऊन गेले.
रुळांलगत तोवर भिंतीचे तुकडे येऊन पडले होते,
करडे, एकावर एक,
वरच्यावर खडूने सात लिहिलेलं.

खिडकीतल्या कारकुनाने शेवटपर्यंत वाचलं,
हे मला अपेक्षित नव्हतं.
रंग, आवाज, पायऱ्या, सावली,
मग पाचव्या कलमावर बोट ठेवून थांबला.
ते कुणी सांगितलेलं नव्हतं.
'काम शक्य तितके सावकाश करावे.'

बाई, म्हणाला, लवकर म्हणायचंय ना तुम्हांला?
सगळे तेच लिहितात.
पेन पुढे केलं, खोडायला.

नाही, म्हटलं. बरोबर आहे ते.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं,
आणि मागच्या पत्र्याकडे, जिथे खिडकी असायला हवी होती,
आणि शिक्का मारला.
शाई कमी होती.
परत मारला.